चुलीवर सुकवलेला अडुळसा

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि चौथीनंतर पेन हातात धरायची वेळ फारशी आली नाही. ओळी वर चढतात, खाली उतरतात. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. कुणाला दाखवायची नाही. तरी चुकून कुणी उघडलीच तर माफ करावं, शुद्धलेखन बघू नये. मला फक्त त्या वर्षीची भीती कुठेतरी उतरवून ठेवायची आहे. तोंडाने ती मी कुणाला पूर्ण सांगितली नाही.

दोन हजार तीन-चारचा सुमार. आमचं घर आचऱ्याच्या रस्त्याला लागून आहे. नवरा दुसऱ्याच्या होडीवर जायचा. घराच्या दोन बाजूंना अडुळशाची वई आहे, म्हणजे कुंपण. अडुळसा कडू, त्याला बकरी तोंड लावत नाही, म्हणून सासूबाईंनी लग्न होऊन आल्यावर ती लावली होती. खोकला झाला की पानं काढायची, एवढाच आम्हाला त्याचा उपयोग.

शिमगा होऊन गेल्यावर एक दिवस एक बाई स्कूटर थांबवून त्या वईकडे बघत उभ्या राहिल्या. मालवणच्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि स्वतःही तीन वर्षं एका मोठ्या परीक्षेसाठी अभ्यास करत होत्या. घाटावरच्या होत्या. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, याचा काढा कसा करता तुम्ही?"

सासूबाई म्हणाल्या, "सात पाना, एक तांब्यो पाणी. तां आटान अर्धी वाटी रवला की उतरूचा."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी दाराच्या आड होते. आमच्या काढ्यात लिहून घेण्यासारखं काय आहे ते मला कळेना, आणि कुणी आपलं बोलणं लिहून घेतलं की मला उगाच धास्ती वाटते.

बाईंना आमच्याच वईची पानं तीन वेळा हवी होती. एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसात, एकदा दिवाळीनंतर. दर वेळी दोन किलो, सुकवून. सावलीत सुकवायची, ऊन लावायचं नाही, विस्तव तर नाहीच, स्वच्छ कापडावर पसरून दिवसातून दोनदा हलवायची. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून म्हणून घेतलं. तीन वेळचे मिळून अठराशे रुपये त्यांनी आधीच दिले, कारण कॉलेजातून आलेला पैसा तेव्हाच खर्ची घालायचा होता. पावतीवर तिकीट चिकटवून माझी सही घेतली. मी सही इतकी मोठी आणि वाकडी काढली की शेवटचं अक्षर तिकिटाच्या बाहेर गेलं.

शेजारीण मासे विकून परत येत होती. तिने सगळं बघितलं.

"काय गो, मासळी सोडून पाल्याचो धंदो?"

मी म्हटलं, "बाईंका होयो आसा."

"आणि तिकिटार सही केलंस? मगे बघ हां, पाल्यात एक पान कमी भरला तर पोलीस येतले."

ती हसत गेली. तिची तशी सवयच. पण माझ्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं.

उन्हाळ्याची पानं चांगली झाली. ओटीवर जुन्या साडीवर पसरली होती, हिरवीच्या हिरवी वाळली. ती द्यायला मी एसटीने मालवणला गेले. कॉलेजात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. जिना चढताना मला वाटत होतं, कुणीतरी विचारील, तू कोण, कुठे चाललीस. कुणी विचारलं नाही. बाईंची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती, आत स्पिरिटचा वास आणि जिकडे तिकडे काच. मी पदर घट्ट गुंडाळून मधोमध उभी राहिले, कशाला धक्का लागायला नको.

बाई चांगल्या मनाच्या. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि त्या काय करतात ते सांगितलं. त्यांना बघायचं होतं की पानातला गुण बाहेर काढायची कुठली रीत चांगली. एकाच वजनाची पानांची पूड घ्यायची. एक भाग थंड पाण्यात दिवसभर भिजवायचा. एक भाग कढत पाण्यात घालून थोडा वेळ झाकून ठेवायचा. एक भाग आमच्या सासूबाईंसारखा आटवायचा. आणि एक भाग अर्ध्या स्पिरिटात, अर्ध्या पाण्यात ठेवायचा. मग चारही कागदातून गाळून तपासायचे.

"पण गुण दिसता काय?" मी विचारलं. भीत भीतच. त्यांच्याशी पुस्तकातलं बोलायचं ठरवून गेले होते, तरी तोंडातून आपलंच निघालं.

"दिसतो," त्या म्हणाल्या. "वहिनी, केळफूल चिरलं की तुम्ही काय करता?"

"ताकात टाकतंव. नायतर काळा पडता."

"हवा लागून काळं पडतं. आपल्या अंगातही तसं काहीतरी सारखं बिघडत असतं. ते बिघडणं अडवणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. या पानात तो किती आहे आणि कुठल्या रीतीने जास्त उतरतो, ते मला मोजायचंय."

त्यांनी एक काचेची नळी दाखवली. आत गडद जांभळं पाणी, पिकल्या जांभळाच्या रसासारखं. पहिल्या दिवशी त्या आमच्या वईची चार पानं घेऊन गेल्या होत्या, त्यांच्या स्पिरिटातल्या अर्काचे थेंब त्यांनी त्यात टाकले आणि नळी काळोख्या कपाटात ठेवली. अर्ध्या तासाने काढली तेव्हा जांभळं पाणी पिवळं झालं होतं. जितकं जास्त पिवळं तितकी पानाची ताकद जास्त. शिवाय रंग मोजायचं एक यंत्रही होतं, पण मला ते लागलं नाही. मला डोळ्यांनीच दिसलं. आमच्या वईच्या पानाने ते केलं, याचा मला आनंद झाला. त्या दिवशी घरी येताना मी घाबरलेली नव्हते. या सगळ्यात तेवढा एकच दिवस.

मग पाऊस लागला. होड्या वर ओढून झावळांनी शाकारल्या. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे पैसा येत नाही, तेव्हा बाईंचे अठराशे तांदळात आणि दुकानाच्या उधारीत कधीच गेले होते. आषाढात बाईंचा निरोप आला, पावसाळ्यातली पानं काढा.

मी पानं काढली, निथळवली, ओटीवर पसरली. पण त्या दिवसांत ओटीवर टाकलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही. तिसऱ्या दिवशी पानांच्या देठाशी काळं दिसायला लागलं. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. ती सगळी फेकली. पुन्हा काढली. पुन्हा तेच. वईची एक बाजू बोडकी झाली. तिसऱ्यांदा काढलेलीही गेली तर चौथ्यांदा काढायला पानं उरली असती की नाही कोण जाणे. पानं दिली नाहीत तर पैसे मागतील, आणि पैसे नव्हते. पावतीवर माझी वाकडी सही होती.

आमच्याकडे चुलीच्या वर कामट्यांची चटई टांगलेली असते. पावसाळ्यात ओलं झालेलं सगळं त्यावर सुकतं. सुके मासे सादळले की ते, मिठातली आमसुलं, कधी बियाण्याची कणसंसुद्धा. खालून ऊब, धूर लागतो, कीड लागत नाही. आईच्या घरी तेच, सासरी तेच. पावसात वस्तू टिकवायची म्हणजे चुलीवर ठेवायची, यात विचार करण्यासारखं मला कधी काही वाटलंच नव्हतं. मी चटई धुतली, पुसली, वर साडी अंथरली आणि तिसऱ्यांदा काढलेली पानं त्यावर पसरली. विस्तव नाही, हे बाईंचे शब्द मला आठवत होते. मी स्वतःला म्हटलं, विस्तवावर कुठे ठेवतेय, विस्तवाच्या वर ठेवतेय.

सहा दिवसांत पानं पापडासारखी वाजायला लागली. रंग थोडा तपकिरी वाटला. मी पिशवी बांधली आणि मालवणला नेऊन दिली.

बाईंनी पिशवी उघडून नाकाला लावली. "धुराचा वास येतोय का हो?"

मी म्हटलं, "पावसात घरभर धूरच असतो."

हे खोटं नव्हतं. पण मी खोटं बोलले.

नवऱ्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "रवांदे गो. तिका काय कळता धुराचा? कळला तर बघू." पुरुषांना बरं असतं. 'बघू' म्हणून ते झोपू शकतात. मी दर वेळी स्कूटरचा आवाज आला की मागच्या दारी जायचे.

नारळी पौर्णिमेनंतर बाईंनी बोलावलं. मला वाटलं, कळलं. एसटीत बसल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होते. पण गेले तर बाई खुशीत. त्यांनी दोन स्टँडमध्ये नळ्या लावून ठेवल्या होत्या.

"बघा वहिनी. ही उन्हाळ्यातली पानं. आणि ही तुमची पावसाळ्यातली."

उन्हाळ्याच्या नळ्या पिवळ्या, कमी-जास्त, पण पिवळ्या. पावसाळ्याच्या चारही नळ्या जांभळ्या. थंड पाण्याची, कढत पाण्याची, आटवलेली, चारही. स्पिरिटाची किंचित फिकी, बस.

"कुठल्याही रीतीने काढा, गुण उतरत नाही," बाई म्हणाल्या. "याचा अर्थ पावसाळ्यात पानातच ताकद नसते. एवढा फरक मलाही वाटला नव्हता. मी हे लिहायला घेतलंय. दिवाळीच्या सुमारास माझ्या परीक्षेच्या मोठ्या सरांसमोर मांडायचंय. ते स्वतः पावसातली पानं घेऊन पुन्हा तपासणार आहेत. आणि मग गावागावांत सांगता येईल, पावसाळ्यात अडुळशाचा काढा करू नका, उपयोग नाही."

पान वाईट नव्हतं. ती ताकद मी माझ्या चुलीवर जाळली होती. बाई आता ते पानाच्या नावावर लिहिणार होत्या. मोठे सर हिरवी पानं नेऊन तपासणार आणि बाईंचं खोटं पडणार. बाईंनी मुद्दाम केलं म्हणतील. तीन वर्षांची त्यांची मेहनत. आणि लोकांना खोकला होतो तोच पावसाळ्यात.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "छान झालं." एवढं बोलून मी जिना उतरले.

पुढचे दहा-बारा दिवस कसे गेले ते मला लिहिता येणार नाही. जेवताना घास फिरायचा. भात खाली लागायचा. चटईकडे वर बघायची मला भीती वाटायची, जणू तिला तोंड फुटेल. सांगितलं तर बाई अठराशे मागतील, दिवाळीची पानं घेणार नाहीत, कदाचित सहीचा कागद घेऊन कुणाकडे जातील. नाही सांगितलं तर एका भल्या बाईचं नाव जाईल. दोन्हीकडून मीच सापडत होते. शेजारीण वईवरून म्हणाली, "सुकलंस गो पाल्यासारख्या. पोलीस इले नाय मा अजून?" तिला काही माहीत नव्हतं. मी आत जाऊन रडले.

त्या दिवशी सासूबाईंना खोकला होता. त्यांनी काढा मागितला. मी चुलीपाशी बसले आणि पानं तांब्यात टाकता टाकता म्हटलं, "आये, पावसातल्या पाल्यात गुण नसता म्हणतत बाई."

"कोण म्हणता? चाळीस वर्सां पावसातच पितंय मी."

मग मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ खोकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुलीवर सुकवलंस? माका इचारूक काय झाला होता? अडुळसो म्हणजे बांगडो न्हय गो."

"आता काय करू?"

"सांगान टाक."

"पैसे मागतली."

"मागांदेत. काढ्यात माशी पडली तर आपण काढो ओततंव. माशी काढून कोणी पाजता काय? तुझी बाई माशी पाजतली लोकांका, आणि तिका ठावकच नाय. घाबरतंस कित्याक? वाघ आसा काय ती?"

वाघ असता तर बरं झालं असतं. वाघाला सही दिलेली नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गेले. जिन्याच्या मधल्या कठड्याशी दोनदा थांबले. एकदा तर परत खाली उतरले आणि नळावर पाणी पिऊन पुन्हा चढले. बाई काहीतरी लिहीत होत्या. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, ती पानं मी चुलीवर सुकवली. सहा दिवस. तुम्ही विस्तव नको म्हटलं होतं. मी खोटं बोलले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. मग म्हणाल्या, "वहिनी, दीड महिना मी यावर घालवला. तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहून छान झालं म्हणालात."

"हो."

"का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

मला त्यांना सांगता आलं नाही कशाची. सहीची, पैशांची, काचेची, जिन्याची. त्यांनी वही ओढली आणि एकेक विचारायला लागल्या. चटई चुलीपासून किती वर? हाताने दाखवा. लाकूड कुठलं? दिवसातून किती वेळ चूल पेटते? पानं कधी हलवली? मी सगळं खरं सांगितलं. त्या लिहीत होत्या आणि त्यांचा चेहरा सैल झाला नव्हता.

शेवटी त्या म्हणाल्या, "पावसाळा संपायला किती दिवस आहेत?"

"गणपती झाले की कमी होईल."

"मग मला पानं पुन्हा हवीत. ओली. रोज सकाळी काढून त्याच दिवशी इथे. सुकवायचं मी बघते, पंख्याखाली. आणि ठरलेली पावसाळ्याची सुकी पानं वाया गेली, म्हणून त्यांचे सहाशे मी कॉलेजात माझ्या खिशातून भरीन, ते तुम्हाला मला परत द्यावे लागतील. मला जमणार नाही सोडायला."

मी मान हलवली. अठराशेच्या जागी सहाशे ऐकून मला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण सहाशे तरी कुठे होते?

मग मी रोज पहाटेची पानं घेऊन पहिल्या एसटीने मालवणला जाऊ लागले. वईच्या कोवळ्या फुटव्यांना हात न लावता जून पानं शोधायची, त्याला वेळ लागायचा. गणपतीचे दिवस. गाडी मुंबईच्या चाकरमान्यांनी भरलेली, पाय ठेवायला जागा नाही, आणि माझ्या मांडीवर ओल्या पानांची पिशवी. कंडक्टर म्हणाला, "वैनी, पत्री घरात नेतत, तुम्ही घरातली भायर खंय नेतत?" सगळे हसले. मीही हसले असेन. नऊ दिवस गेले. भाड्याचे पैसे मी मागितले नाहीत, बाईंनी दिले नाहीत. ते बरोबरच होतं.

अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर त्यांनी मला पुन्हा नळ्या दाखवल्या. या वेळी आत जाताना मी डोळे मिटले होते, खरंच. उघडले तर पावसाळ्याच्या नळ्या पिवळ्या. उन्हाळ्याइतक्या नाहीत, पण पिवळ्या. स्पिरिट आणि पाण्याची सगळ्यात पिवळी. तिच्यानंतर कढत पाण्यात थोडा वेळ झाकून ठेवलेली. मग आटवलेली. थंड पाण्याची सगळ्यात मागे. बाजूला बाईंनी चुलीवरच्या पानांच्या नळ्याही ठेवल्या होत्या, अजून जांभळ्या.

"याही मी लिहिणार आहे," बाई म्हणाल्या. "चुलीवर सुकवलं तर काय होतं ते. लोक तसं सुकवत असतील तर त्यांना कळायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की अर्धी वाटी होईपर्यंत आटवू नये, कढत पाण्यात घालून झाकून ठेवलं तर गुण जास्त उतरतो. त्या रागावल्या. "मगे आजवर माझो खोकलो कोणी बरो केल्यान? तुझ्या बाईच्या बाटलीन?" मी गप्प बसले. बाईंनीही सांगितलं होतं की नळीतला रंग म्हणजे खोकला नव्हे, खोकल्याचं त्यांनी तपासलेलं नाही. शेवटपर्यंत सासूबाई आटवूनच प्यायल्या. मी मात्र माझ्यापुरतं झाकून ठेवते.

दिवाळीनंतरची पानं ओटीवर सावलीत सुकली. दोन किलोंपेक्षा मूठभर जास्तच दिली. मोठ्या सरांनी आमची पानं स्वतः तपासली आणि काही खोटं निघालं नाही, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मी जिन्यातच खाली बसले.

राहिले सहाशे. मी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायला लागले. त्या तेलाने बोटांची कातडी काळी होऊन सोलते. पन्नास पन्नास करून मी बाईंना नेऊन द्यायचे. बाई दर वेळी वहीत लिहायच्या आणि मी समोर उभी राहून ते उलटं वाचायचा प्रयत्न करायचे. एकदा त्या म्हणाल्या, "आता राहू द्या, वहिनी, उरलेले." मला ते चाललं नाही. सोडलेले पैसे मला जास्त घाबरवतात, ते कधीही परत मागता येतात.

पुढच्या शिमग्याच्या आधी मी शेवटचे पन्नास घेऊन गेले. बाईंनी कपाटातून ती जुनी पावती काढली. तिकिटाबाहेर गेलेलं माझं ते अक्षर मी लगेच ओळखलं. तिच्या मागे बाईंनी लिहिलं, पावसाळ्याच्या पानांचे सहाशे रुपये परत मिळाले, आणि खाली सही केली. मी एक एक शब्द लावून वाचलं, दोनदा. मग पन्नासची नोट टेबलावर ठेवली. पैसे पूर्ण फिटले.